दोन आटे

लायमा, ओहायो
८ मार्च २००४

प्रिय डेलकाका,

मी नोरीन, वेन्डेल स्ट्राइकरची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि रेसच्या मैदानावर तुमच्या टूलबॉक्सवर बसून तुमचे पाने पुसत होते. तुमचा पत्ता आईच्या जुन्या वहीत मिळाला. ती गेली तेव्हा तुम्ही पाठवलेलं कार्डही त्याच पानात होतं. पत्ता बदलला नसेल अशी आशा आहे.

थेट कामाचं लिहिते. बाबांची हिरवी जीटीओ गाडी अजून आमच्याकडे आहे. या हिवाळ्यात तिच्या गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं, म्हणून मी ती गावातल्या एका गॅरेजमध्ये दिली. तिथल्या माणसाने गळती थांबवली आणि वर एक उपकारही केला. म्हणाला, "बाई, हा गिअरबॉक्स खेचरासारखा लाथा मारत होता. कुणा अडाण्याने आत नको ते उद्योग करून ठेवले होते. मी सगळं काढून पुन्हा कंपनीतून आल्यासारखं केलंय. आता गिअर पडलेला कळायचासुद्धा नाही." मी त्याचे आभार मानले आणि गाडी घेऊन आले. तो अडाणी म्हणजे तुम्ही, हे मला घराच्या दारात गाडी लावताना आठवलं.

खरंच आता कळत नाही, डेलकाका. पूर्वी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी पाठीत एक ठोसा द्यायची. लहानपणी मी मागच्या सीटवर त्या ठोशाची वाट बघत बसायचे. आता नुसता इंजिनाचा आवाज बदलतो.

मला तो ठोसा परत हवा आहे. सहा जूनला बाबांना सदुसष्टावं लागेल, तेव्हा ही भेट समजा. काय करायचं ते मला सांगाल का? मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि टोप्या बनवते. बारीक ड्रिल आणि मोजमाप हे माझं रोजचंच काम आहे, त्यामुळे मला अगदीच हातबावळी समजू नका. खाली फोन नंबर देते आहे.

तुमची,
नोरीन


पडूका, केंटकी
१५ मार्च २००४

नोरीन,

पत्ता बदललेला नाही. बहिणीच्या घरामागे दोन खोल्या आहेत, तिथे मी असतो. फोन नंबर दिलास तो मात्र वाया गेला. सहा वर्षं झाली, मला काही ऐकू येत नाही. चाळीस वर्षं उघड्या इंजिनांशेजारी उभं राहिल्याचं ते बक्षीस. तेव्हापासून गिअरबॉक्सलाही हात लावलेला नाही. ऐकू न येणारा मेकॅनिक म्हणजे चव न कळणारा आचारी, त्याला कोण बोलावणार.

तर तो अडाणी मीच. तुझ्या त्या उपकारकर्त्याला सांग की त्या लाथा मी एकेक मोजून बसवल्या होत्या.

आता तुझी भेट. पोरी, तुझ्या बापाला मी बावीस वर्षं जवळून ओळखत होतो आणि त्यानंतर तेवीस वर्षं लांबून ओळखतो आहे. त्याच्या गाडीचं लोणी झालं आणि तो गप्प बसला, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. त्याला सगळं माहीत आहे आणि त्यानेच तुला पुढे केलंय. स्वतः लिहायला त्याचे हात मोडलेत का? त्याला सांग, तीन ओळी लिही. त्यात माफीची ओळ नसली तरी चालेल. मग बघू.

टूलबॉक्सवर बसणारी मुलगी मला आठवते. तू नऊ सोळांश इंचाचा पाना नेहमी अर्ध्या इंचाच्या जागी ठेवायचीस.

डेलबर्ट फॉक


लायमा
२० मार्च २००४

प्रिय डेलकाका,

हो, हात मोडल्यातच जमा आहे. उजवा.

ऑक्टोबरमध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं सगळं, पण तोंडातून शब्द येत नाही. मान हलवून हो किंवा नाही, इतकंच. मी तुमच्यापासून हे लपवलं, कारण तुम्हाला कळलेलं त्यांना आवडलं नसतं. भांडण कशावरून झालं ते मला कुणी कधी सांगितलं नाही. पण तुमचं नाव निघालं की बाबा उठून गॅरेजमध्ये जायचे एवढं मला माहीत आहे. आता उठूनही जाता येत नाही.

खरी गोष्ट अशी आहे. ते दवाखान्यात असताना मी गाडी दुरुस्तीला दिली. वाटलं होतं, घरी आले की त्यांना गाडीतून फिरवून आणीन, तेवढंच मन उभारी धरेल. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. किती खूश होते. डावा हात डॅशबोर्डवर ठेवून बसले होते. मी गाडी रस्त्यावर काढली, वेग घेतला, आणि ती दुसऱ्या गिअरमध्ये गेली. ठोसा आलाच नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा थांबून वेग घेतला, पुन्हा तेच झालं. मग त्यांनी डॅशबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरच्या गाडीच्या फोटोकडे बोट दाखवलं, मग गॅरेजकडे, आणि मान हलवली. ही ती नाही. डेलकाका, त्यांना वाटतं मी त्यांची गाडी विकली आणि त्यांची समजूत काढायला तशीच दिसणारी दुसरी आणून उभी केली. मी कागद दाखवले, नंबर दाखवला. ते डोळे मिटून बसतात.

तेव्हापासून ते व्यायाम करत नाहीत. व्यायाम घ्यायला येणारी बाई म्हणते, उन्हाळ्यापर्यंत पावलं टाकायला लागले तर लागले, नंतर कठीण आहे. त्यांना पलंगातून उठवायला मी काय सांगू? ज्यांना आपल्या मुलीने फसवलं असं वाटतंय, ते मुलीचं कशाला ऐकतील?

वाढदिवसाच्या भेटीचं खोटं बोलले त्याबद्दल माफ करा. तीन ओळी ते लिहू शकत नाहीत. म्हणून मी लिहिल्या, जरा जास्तच झाल्या.

नोरीन


पडूका
२६ मार्च २००४

नोरीन,

हात मोडलेत का, असं मी लिहिलं होतं. ते वाक्य परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं. तुझं पत्र बहिणीलाही वाचायला दिलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला ऐकू येत नसल्यामुळे ते तिने एका कागदावर लिहून कळवलं.

आता रडगाणं बंद. वही घे.

या गिअरबॉक्समध्ये गिअर आपोआप बदलतो, तो तेलाच्या दाबावर. कंपनीला गाडी सगळ्यांना विकायची असते, आजीबाईंनाही. म्हणून दाब हळूहळू चढेल अशी सोय आत केलेली असते. दोन चकत्या एकमेकींना धरेपर्यंत घसरत राहतात आणि त्या घसरण्यालाच लोक मऊपणा म्हणतात. आपल्याला घसरणं नको. तेल झटकन यावं आणि चकतीने एकदम पकड घ्यावी. तुझा ठोसा म्हणजे तेवढंच.

तीन कामं आहेत. पहिलं, खालचं तेलाचं पॅन काढलंस की व्हॉल्वबॉडी दिसेल. ओतीव धातूचा ठोकळा, आत सगळ्या गल्ल्याच गल्ल्या. त्याच्यावर भोकांचा एक पत्रा असतो. ज्या भोकातून दुसऱ्या गिअरचं तेल जातं ते मी मोठं केलं होतं. तुझ्या उपकारकर्त्याने नवा पत्रा घातला असणार. सोबत चित्र काढून पाठवतो आहे, लाल खूण केलेलं भोक. त्याचं माप चित्राखाली लिहिलंय. केसभर जास्त झालं तरी पत्रा बाद होईल, आणि हे मी कवळ्या बनवणाऱ्या बाईला सांगतोय म्हणून निर्धास्त आहे.

दुसरं, धक्का गिळणारी एक स्प्रिंग असते. तिच्या जागी कडक स्प्रिंग बसवायची. दुकानात पाकीट मिळतं, नंबर चित्राच्या मागे आहे.

तिसरं, गिअरबॉक्सच्या उजव्या कुशीला रबरी नळी जोडलेली एक छोटी डबी असते, मॉड्युलेटर. इंजिनावर किती जोर पडतोय ते ती डबी गिअरबॉक्सला सांगते. आत स्क्रू असलेली डबी माग, बिनस्क्रूची कितीही गळ्यात मारली तरी घेऊ नकोस. नळी काढलीस की आत स्क्रू दिसेल. तो धरायला लागला की तिथून साडेचार आटे आत पिळ. जितका आत, तितका ठोसा कडक. साडेचार. माझं माप तेच होतं.

आणि छर्रे. व्हॉल्वबॉडीच्या गल्ल्यांमध्ये सहा पोलादी छर्रे असतात, वाटाण्याएवढे. तू ठोकळा खाली घेतलास की ते घरंगळतील. एकेकाची जागा चित्रात काळ्या टिंबाने दाखवली आहे. परत बसवताना व्हॅसलिनने चिकटव, म्हणजे पडणार नाहीत. एक जरी राहिला तरी गाडी मागे जायच्या ऐवजी जागीच रुसून बसेल. सहा मोज. मग परत मोज.

भांडणाचं तू विचारलं नाहीस, पण पत्रात घातलंस. जुनी गोष्ट आहे, माझ्याही नीट लक्षात नाही.

वेन्डेल जेवतो का ते लिही.

डेलबर्ट


लायमा
१८ एप्रिल २००४

प्रिय डेलकाका,

जेवतात, पण चिमणीएवढं. आता मात्र एक बातमी आहे, आणि ती सांगायला मी आठवडाभर थांबले.

तीन शनिवार गेले या कामात. पत्रा लॅबमध्ये नेऊन भोक मोठं केलं. आमच्या साहेबांनी विचारलं, हा कुणाचा जबडा? मी म्हटलं, माझ्या बाबांचा. ते तुमच्या मापाबरहुकूम आहे. स्प्रिंग बसवली. मग छर्रे मोजले तर पाच.

मी गॅरेजची फरशी हाताने चाचपली. झाडलं. तेलाचं घमेलं गाळणीतून गाळलं. ती गाळणी आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही. शेवटी फरशीवर बसून रडले, कारण दुकान बंद झालं होतं आणि सोमवारपर्यंत काही करता येणार नव्हतं. ते आवाजाने कळलं असेल, किंवा मी बराच वेळ आत आले नाही म्हणून. बाबांची चाकाची खुर्ची दारात आली. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी ती स्वतः कधी ढकलली नव्हती, डाव्या पायाने ओढत ओढत आणली. गॅरेजची फरशी दाराकडे उतरती आहे हे मी विसरले होते. छर्रा उंबऱ्याला लागून पडला होता, आणि खुर्चीचं चाक त्यावर अडलं.

ते वाकले. किती वेळ लागला ते सांगत नाही. डाव्या हाताने छर्रा उचलला, बोटांत फिरवला, पँटवर पुसला आणि उजेडात धरला. मग गाडीखाली टेकवलेला ठोकळा पाहिला. जमिनीवर पसरलेली तुमची चित्रं पाहिली. तुमचं अक्षर त्यांनी ओळखलं, डेलकाका. मला वाटलं आता चिडतील. पण त्यांनी छर्रा माझ्या हातात दिला नाही. चित्रातल्या रिकाम्या टिंबावर आणून ठेवला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते गॅरेजच्या दारात येऊन बसतात. काही करत नाहीत, बघतात. काल बरणीतलं व्हॅसलिन त्यांनी धरलं होतं. रात्री बीन्सचं सूप दोन वाट्या खाल्लं आणि मक्याच्या ब्रेडने वाटी पुसून घेतली.

गाडी त्यांचीच आहे हे अजून पटलंय असं वाटत नाही. गाडीकडे बघताना त्यांचा चेहरा पाहुण्यासारखा असतो. पण पाहुणे येऊन तर बसतात.

एक मेच्या शनिवारी तेल भरायचं आहे.

नोरीन


पडूका
२३ एप्रिल २००४

नोरीन,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. छर्रा पँटवर पुसला म्हणतेस ना? हीच त्याची खोड. त्याची प्रत्येक पँट डाव्या मांडीवर काळी असायची आणि तुझी आई माझ्यावर ओरडायची, जणू मीच त्यावर हात पुसले.

तेल भरताना घाई नको. थोडं भर, इंजिन चालू कर, गिअरचा दांडा प्रत्येक खुणेवर ने, मग पुन्हा तेल मोजायची पट्टी बघ. गाडी गरम झाल्याशिवाय रस्त्यावर काढू नकोस. पहिल्यांदा एकटीच जा. ठोसा कसा आला ते शब्दांत लिही. मला आवाज सांगून उपयोग नाही, पाठीला काय वाटलं ते सांग. मी आता सगळं पाठीनेच ऐकतो. बहिणीच्या गाडीत बसलो की तिचा गिअरबॉक्स किती वर्षं टिकणार ते सांगू शकतो, फक्त तिला ते ऐकायचं नसतं.

आणखी एक. त्या उपकारकर्त्याने काढलेले जुने भाग परत दिले का? आमच्या काळी खोक्यात घालून परत द्यायची पद्धत होती, म्हणजे गिऱ्हाईकाला शंका नको. असले तर टाकू नकोस.

डेलबर्ट


लायमा
९ मे २००४

प्रिय डेलकाका,

झालं. ठोसा परत आला.

आधी एकटी गेले. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पहिल्या गिअरमध्ये गाडी पुढे झुकल्यासारखी पळते, मग अर्ध्या क्षणाचा श्वास, आणि कुणीतरी मागून दोन्ही तळवे पाठीवर आपटावेत तसं. माझा चष्मा नाकावरून घसरला. मी गाडी मक्याच्या शेताकडेला थांबवून एकटीच हसत बसले.

आज बाबांना नेलं. आज मदर्स डे, आईच्या थडग्यावर फुलं ठेवायची होतीच. गावाबाहेर पडल्यावर मी पाय दाबला. ठोसा आला आणि बाबा सीटवरून अर्धे उठले. डावा हात डॅशबोर्डवर गेला. मग त्यांनी त्या हाताने डॅशबोर्ड थोपटला, घोड्याची मान थोपटतात तसा. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, कारण मला रस्ता दिसणं गरजेचं होतं. त्यांना पटलं, डेलकाका. तीच गाडी आहे. मी विकली नव्हती.

पण गोष्ट इथे संपत नाही आणि मला तुमची मदत हवी आहे. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांनी मान हलवली. नाही. माझ्यासमोर दोन बोटं धरली. मी विचारलं, दुसरा गिअर? नाही. दोन वाजलेत? नाही. दोन मैल? पुन्हा बोटं, आणि मग बोट गाडीच्या तळाकडे, उजव्या बाजूला. घरी आल्यावरही तेच. दोन बोटं, दोन बोटं. मला कळत नाही म्हणून ते रागावले, आणि झटक्यानंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडातून आवाज निघाला. शब्द नव्हता, पण शिवी असावी. व्यायामवाली बाई खूश होईल.

दुसरा गिअर बिघडतोय का? ठोसा जास्त कडक आहे का? मला काही चुकलेलं दिसत नाही.

जुन्या भागांचं खोकं मिळालं. जुना मॉड्युलेटर या पार्सलमध्ये पाठवते आहे. त्यावर सुईने ‘डी. एफ.’ कोरलंय. तो तुमचाच आहे. मी त्याला हात लावलेला नाही.

नोरीन


पडूका
१७ मे २००४

नोरीन,

हे पत्र आधी एकटी वाच. मग वेन्डेलला वाचून दाखवायचं की चुलीत घालायचं ते तू ठरव.

भांडण नीट लक्षात नाही असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. मिनिट न् मिनिट लक्षात आहे.

सप्टेंबर १९८१. तुझा बाप अंतिम फेरीत पोचला होता. आयुष्यात पहिल्यांदाच. अर्धा तास हातात होता. मी गाडीखाली शिरलो आणि मागच्या चाकांना जोर नेणाऱ्या शाफ्टचा मागचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, हाताने हलवून पाहिला, तर तो हलला. हलायला नको होता. मी वेन्डेलला सांगितलं, क्रॉस गेलाय, ही फेरी सोड. तो म्हणाला, एवढी एक निघेल. मी म्हटलं, आपल्या गिअरबॉक्सचा दुसऱ्या गिअरचा ठोसा त्या क्रॉसवर पडला तर शाफ्ट सुटेल, आणि सुटलेला शाफ्ट रस्त्यात रुतून गाडी उलटवतो, हे तू डोळ्यांनी पाहिलंयस. तो म्हणाला, डेल, आज मला भिववू नकोस. आणि कॉफी प्यायला निघून गेला. तू कठड्यावर बसून पाय हलवत होतीस.

मी मॉड्युलेटरची नळी काढली आणि स्क्रू दोन आटे सैल केला. ठोसा नरम झाला. तुझा बाप हातभर अंतराने हरला आणि गाडी सरळ उभी राहिली.

त्याला सीटवरच कळलं. शर्यत संपल्यावर त्याने स्क्रू मोजला आणि सगळ्या मैदानासमोर माझ्या नाकापुढे दोन बोटं नाचवली. "दोन आटे, डेल. किती मिळाले तुला, सांग." तो मला विकला गेलेला समजला. ज्याला माझ्याबद्दल हे वाटू शकतं त्याला मी खुलासा द्यायचा? माझंही डोकं फिरलं. मी टूलबॉक्स उचलला आणि निघालो. तेवीस वर्षं मी ती दोन बोटं डोळ्यांपुढून घालवू शकलो नाही.

म्हणून तुझं पत्र वाचल्यावर मला वाटलं, वाचा गेली, हात गेला, तरी हा अजून तेच म्हणतोय. मी पार्सल उघडलंसुद्धा नाही. चार दिवस तसंच पडलं होतं.

आज सकाळी उघडलं. जुना मॉड्युलेटर पकडीत धरला, बारीक स्क्रूड्रायव्हर घातला आणि बाहेर काढत मोजू लागलो. एक. दोन. अडीचला स्क्रू सुटला. मला वाटलं चुकलं. परत घातला, परत मोजला. अडीच.

नोरीन, मी त्याला साडेचारवर बसवला होता. त्यातून दोन आटे मी त्या दिवशी कमी केले. उरतात अडीच. म्हणजे तुझ्या बापाने तो स्क्रू परत कधीच पिळला नाही. शिवी देऊन मला हाकलला, आणि माझे दोन आटे तेवीस वर्षं गाडीत तसेच ठेवून तिच्यातून फिरला. त्याच्या पाठीला सवय झाली ती माझ्या साडेचारची नाही, अडीचची. तू साडेचार दिलास, म्हणून तो दोन बोटं दाखवतोय. तुझं काम चोख आहे. माप मी चुकीचं दिलं.

दोन आटे सैल कर. तो ते का तसे ठेवून बसला, हे मला त्याच्याकडून कळून घ्यायला आवडलं असतं.

डेलबर्ट


लायमा
२३ मे २००४

प्रिय डेलकाका,

मी एकटीने वाचलं. मग स्क्रू दोन आटे सैल केला. मग बाबांना गॅरेजच्या दारात बसवून पत्र वाचून दाखवलं, एक शब्दही न गाळता.

"क्रॉस गेलाय, ही फेरी सोड" इथपर्यंत ते माझ्याकडे बघत होते. "तू कठड्यावर बसून पाय हलवत होतीस" इथे त्यांनी डोळे मिटले. माझं वाचून संपलं. मग त्यांनी खुर्चीचे हात धरले आणि उठू लागले. मी धरायला गेले तर त्यांनी मला ढकललं. कामाच्या टेबलाची कड धरून ते टूलबॉक्सपर्यंत चालत गेले. नऊ पावलं, डेलकाका. उजवा पाय ओढत, पण नऊ. मी मोजायची सवय तुमच्याकडून घेतली आहे.

सगळ्यात खालच्या खणातून त्यांनी एक गुंडाळलेलं फडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. आत एक जुना क्रॉस होता. एका टोकाच्या सुयांसारख्या बारीक सळया चुरडून गेलेल्या, आणि त्यांची गंजाची लाल पूड माझ्या तळव्यावर सांडली. फडक्यात त्या मैदानाचा एक पासही होता, सप्टेंबर १९८१ चा. त्यांनी क्रॉस कधी बदलला मला माहीत नाही, त्या हिवाळ्यातच असणार. काढल्याबरोबर त्यांना सगळं कळलं असणार. पण त्यांनी टाकला नाही आणि तुम्हाला पत्रही लिहिलं नाही. तुम्ही दोघंही किती हट्टी आहात हे लिहायला माझ्याकडे सभ्य शब्द नाही.

मग आम्ही गाडी काढली. ठोसा आला. बाबांनी मान डोलावली. मी विचारलं, आता बरोबर? त्यांनी दोन बोटं वर केली आणि हळूच मिटली. मग डॅशबोर्डवरची धूळ बोटाने पुसली आणि बोट डाव्या मांडीवर.

रात्री त्यांनी पेन मागितलं. डाव्या हाताने लिहिलंय, अर्धा तास लागला. मी मदत केलेली नाही. हा तो कागद.

नोरीन

*डेल. कळलं होतं. ये.*


पडूका
२८ मे २००४

नोरीन,

त्याला तीन ओळी लिहायला सांगितल्या होत्या, त्याने तीन वाक्यांत भागवलं. चालेल.

पाच जूनला, शनिवारी, दुपारी सव्वादोनला माझी बस तुमच्या गावात येते. बहीण ॲपल पाय करून देते आहे, त्याच्या वाढदिवसाचा. न्यायला जीटीओच घेऊन ये. वेन्डेलला पुढे बसव, मी मागे बसतो. तिथून ठोसा कसा लागतो ते मला कधी माहीत नव्हतं, तुलाच माहीत होतं.

तो बोलू शकत नाही आणि मी ऐकू शकत नाही, तेव्हा आमचं आता छान जमेल. एक वही आणि दोन पेनं आणून ठेव.

आणि मी येईपर्यंत स्क्रूला हात लावू नकोस. आल्यावरही मी लावणार नाही. अडीचवरच राहू दे.

डेलकाका